सिमेंटात बसवलेलं जातं

आमच्या वाडीच्या डोक्यावर गड आहे. त्याचा दरवाजा दगडी आहे आणि तो अजून भक्कम उभा आहे. तरी सरकारी खात्यानं महोत्सव भरवला तेव्हा खाली, गाड्या लावायच्या मैदानात, थर्माकोलचा दुसरा दरवाजा उभा केला. मान वर केली की खरा दिसत होता. पण लोक खोट्याखाली उभं राहून फोटो काढत होते, कारण खऱ्यापर्यंत जायला पायऱ्या चढाव्या लागतात.

मी हे आमच्या टपरीतून बघत होते. आमची पिठलं-भाकरीची टपरी आहे. मला चार माणसांत बोलता येत नाही. गिऱ्हाईक आलं की मी चुलीकडं तोंड करते आणि बोलायचं काम मालकांवर, म्हणजे नवऱ्यावर, सोडते. त्यांना ते फार आवडतं.

महोत्सवाच्या आधी पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. खात्यानं मांडणीचं काम त्यांना दिलं होतं. प्रदर्शनात 'मावळातलं जुनं घर' करायचं, म्हणून त्या वाडीतली घरं बघत फिरल्या. आमच्या घरात आल्या आणि फरशीकडं बघून त्यांचा चेहराच उतरला.

"मावशी, तुमच्याकडे पण टाइल्स?"

जशी काही मी ती फरशी कुणाची चोरून आणली होती. शेणानं सारवायला त्यांना कुणी सांगितलं असतं तर कळलं असतं. मग त्या मागच्या पडवीत गेल्या आणि तिथं त्यांना माझं जातं दिसलं. सकाळीच मी त्यावर उडीद भरडले होते, पीठ अजून कडेला होतं.

"हे ओरिजिनल आहे?"

"एकदम ओरिजिनल," मालक म्हणाले. "न्या की. सरकारचंच काम हाय."

मी दाराआड उभी होते. मॅडम गेल्यावर मी मालकांना म्हणाले, "अवो, पोरीची हळद हाय."

"महोत्सव संपला की आणून देणार हायेत. लग्नाला अजून महिना हाय. जात्याला काय पाय फुटणार हायेत?"

आमच्याकडं लग्नघरी हळदीच्या सकाळी पाच सवाष्णी घरच्या जात्यावर हळकुंडं दळतात, ओव्या म्हणतात, आणि तीच हळद नवरीला लागते. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी पाथरवटाकडून हे जातं घडवून घेतलं. माझी हळद त्यावर दळली आणि मग ते माझ्याबरोबर टेंपोत बसून सासरी आलं. आईनं निघताना सांगितलं होतं, तुला लेक झाली तर तिची हळद याच्यावरच दळ. आई आता नाही. माहेरचं माझ्याकडं दुसरं काही उरलेलं नाही, आणि लेक मला एकच आहे.

दुसऱ्या कुणाचं जातं आणावं म्हटलं तर वाडीत जातं राहिलंय कुठं. तुंगार्लीतल्या बंगलेवाल्यांना बागेत ठेवायला जाती लागतात. मळवलीच्या फार्महाऊसवाल्यांनाही लागतात. सगळ्यांनी विकली. माझ्या थोरल्या जावेनंही एका बंगलेवाल्याला विकलं. ती एकदा त्या बंगल्यात साफसफाईला गेली तर तिच्याच जात्याच्या तोंडात गुलाबाचं रोप लावलेलं. "सासूनं त्यात उभा जन्म घातला," ती घरी येऊन सांगत होती, "अन् त्यांनी त्यात शेणखत घातलं." हसत सांगत होती, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

महोत्सवात आम्ही दोघी जावा प्रदर्शन बघायला गेलो. बांबूची झोपडी केली होती, भिंतीला तपकिरी रंग मारून माती दाखवली होती. आमच्याकडं अशा झोपडीत कुणी म्हैस पण बांधली नसती, पहिल्याच पावसाळ्यात आडवी झाली असती. आत कपड्याच्या दुकानातला बाईचा पुतळा, गोरापान, निळ्या डोळ्यांचा, नऊवारी नेसवलेला. त्याचे गुडघे वाकत नव्हते. म्हणून जात्यामागं त्याला उभाच केला होता आणि हातात सूप अडकवलं होतं.

जावेनं पुतळ्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ही सून लय मोठ्या घरची दिसती," ती म्हणाली. "उभ्यानं दळती."

जात्यापुढं पाटी होती. मी चौथीपर्यंत शिकले, पण पाटी वाचायला तेवढं पुरतं. शिवकाळातलं धान्य दळण्याचं साधन, असं लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, हात लावू नये. म्हणजे माझं जातं माझ्या आधी तीनशे वर्षं जन्माला आलं होतं, आणि मला त्याला हात लावायची बंदी होती.

"तुझ्या बापानं फसवलं गं तुला," जाऊ म्हणाली. "जुना माल दिला."

महोत्सव संपला. शाळेतली पोरं उन्हात झेंडे हलवून दमली, पाहुणे उशिरा आले, लवकर गेले. मंडप निघाला, पण झोपडी निघाली नाही. थर्माकोलचा दरवाजाही तसाच. मी रोज मालकांना विचारायचे आणि ते रोज उद्या जातो म्हणायचे. शेवटी हळदीला थोडे दिवस राहिले तेव्हा मी त्यांच्या मागं मागं गेले. खात्याचे साहेब तिथंच होते. झोपडी लोकांना फार आवडली, म्हणून ती कायमची ठेवायची ठरली होती. त्यासाठी खाली ओटा बांधला होता, आणि जात्याची खालची तळी, म्हणजे खालचा दगड, त्या ओट्यात सिमेंटनं पक्की बसवली होती. कुणी पळवू नये म्हणून.

मालकांनी हात जोडले.

"साहेब, पोरीची हळद हाय. आमच्यात जात्यावर..."

"अरे वा, लग्न आहे का? छान छान," साहेब म्हणाले. "मग पोरीला एक चांगला मिक्सर घेऊन द्या. हे आता हेरिटेज आहे, मावशी. तुमच्या घराण्याचं नाव लावू आपण पाटीवर."

आणि ते हसले. मालक पण हसले. साहेबांचं हसणं मी त्याच दिवशी विसरले. मालकांचं अजून विसरता आलेलं नाही. परत येताना ते म्हणत होते, "पाटीवर नाव म्हंजी लय मोठी गोष्ट हाय गं." मी एवढंच विचारलं, "ती पाटी पोरीच्या अंगाला लावायची का?"

लेक लोणावळ्यात एका हॉटेलच्या काउंटरवर काम करते. तिनं मला समजावलं. "आई, पाकिटातली हळद आणते ना मी. फोटोत पिवळीच दिसते." तिच्यावर मी रागावले नाही. तिला कसं कळावं. ती जात्यावर कधी बसलेली नाही. मला जे कधी कुणाला सांगता आलं नाही ते मी जात्यापुढं बसून म्हटलेलं आहे. आई गेली तेव्हाही सगळ्यांसमोर मला रडू आलं नव्हतं, दळायला बसले तेव्हा आलं. तिथं कुणाकडं बघावं लागत नाही. हात फिरत असतो, मान खाली असते, आवाज दगडाच्या आवाजात मिसळतो.

हळदीच्या दिवशी उजाडताच मी हळकुंडं, मूठभर तांदूळ आणि एक डबा सुपात घेतला, वर आंब्याची डहाळी ठेवली आणि घराबाहेर पडले. जावेनं मला बघितलं. तिनं आणखी तीन सवाष्णींना हाका मारल्या आणि मागं आली.

झोपडीला दोरी लावली होती. राखणीला वाडीतलाच माणूस होता.

"काकू, आत जाऊ नका. आज झोपडीचं उद्घाटन हाय. साहेब वरडतील."

"आमी न्हाई गेलो तर नवरी वरडंल," जाऊ म्हणाली. "बग कुणाचं ऐकायचं ते."

तो बाजूला झाला. आम्ही दोरीखालून आत गेलो. पुतळा आडवा येत होता, म्हणून जावेनं त्याला कमरेला धरून कोपऱ्यात तोंड करून उभं केलं. "बाई, घटकाभर भिताडाकडं बघ," ती त्याला म्हणाली, "हितं काम करायचं हाय."

मी पहिला घास टाकला आणि खुंट्याला हात घातला. जातं कण्हलं. बाहेर पडली ती राखाडी भुकटी. तळीच्या कडेनं सिमेंटचा चुरा आत गेला होता. मला वाटलं, आता संपलं. मग पदराच्या टोकानं सगळं पुसून काढलं, वरची तळी उचलून फुंकलं, मूठभर तांदूळ दळून टाकून दिले, पुन्हा पुसलं. त्यानंतर घातलेली हळद पिवळी आली. आम्ही डहाळी बांधली, पाचीजणी आळीपाळीनं बसलो, आणि मी ओवी धरली. माझ्या आईची ओवी होती ती, लेक परक्या घरी जाते तिच्याबद्दलची. बाहेरचं मला काही ऐकू येत नव्हतं.

थांबले तेव्हा बघितलं तर दोरीपलीकडं गर्दी जमली होती. गड चढायला आलेली शहरातली पोरंपोरी, सगळ्यांचे मोबाईल वर. त्यांना वाटत होतं हा कार्यक्रमच आहे. टाळ्या वाजवल्या त्यांनी. आणि त्यांच्यात मॅडम होत्या.

"सो ब्यूटिफुल," त्या म्हणाल्या. "मावशी, पाहुणे अकराला येतायत. तेव्हा परत बसाल का? फक्त तोंड इकडे करून. आणि ती ओवी जरा मोठ्यानं म्हणा."

माझ्या लेकीची हळद होती ती. परत बसा म्हणे.

मी हळद डब्यात भरली. मग वरची तळी खुंट्यासकट उचलली. ती कशात बसवलेली नव्हती, ती खिळ्यावर नुसती टेकलेली असते, एवढं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. जावेनं दुसरी बाजू धरली.

"मावशी, अहो, हे काय करताय? पाहुणे येतायत," मॅडम म्हणाल्या.

एवढ्या लोकांसमोर मी जन्मात पहिल्यांदा बोलले. "खालचं तुमचं झालं," मी म्हणाले. "वरचं माझं हाय."

माझा आवाज इतका बारीक होता की मॅडमनी "काय?" असं विचारलं. जावेनं तेच खणखणीत सांगितलं. मी चुंबळ करून तळी डोक्यावर घेतली आणि आम्ही निघालो. राखणीवाला मागून म्हणाला, "काकू, साहेबास्नी काय सांगू?"

"सांग, सून माहेराला गेली," जाऊ म्हणाली. "अन् ती कोपऱ्यातली हाय की, दळायला."

दुपारी लेकीला हळद लागली. तिच्या कपाळाला लावताना एक बारीक कण टोचला म्हणून ती "आई गं" म्हणाली आणि हसली. पाकिटातल्या हळदीत तो कण नसतो. मालक दाराशी उभे होते. त्यांनी डोळे पुसले, पण तळीबद्दल ते आजवर माझ्याशी बोललेले नाहीत, कारण पाटीवर नाव काही लागलं नाही.

वरची तळी आता पडवीत आहे. पाथरवट इकडं आला की तिच्या मापाची खालची घडवून घेणार आहे. झोपडीत मात्र जातं पूर्ण आहे. खालची तळी माझी, आणि तिच्यावर काळा रंग मारलेली थर्माकोलची वरची तळी, वर खुंटा म्हणून झाडूचा दांडा. पाटी तीच आहे. हात लावू नये, हे आता बरोबर आहे, हात लावला तर तुटेल.

गडावरून वारा खाली आला की ती तळी उडते. राखणीवाला मैदानभर तिच्यामागं पळतो, आणून परत ठेवतो, आणि आता तर तिच्यावर वीट ठेवतो. दगडावर थर्माकोल, थर्माकोलवर वीट. लोक दोरीपाशी उभे राहून त्याचा फोटो काढतात. मी टपरीत चुलीकडं तोंड करून भाकरी थापते आणि हसते. गिऱ्हाइकांना वाटतं, धूर लागून डोळ्यांत पाणी आलं.