पांढरी एक की पांढरी पाच

आमच्या घरात गाणं ऐकायची वाटणी होती. रविवारी सकाळी रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाण्यांच्या फर्माइशी लागायच्या. एक गाणं आठवड्यातून एकदा, तेही लागलं तर लागलं. रेकॉर्ड विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती आणि असती तरी वडिलांनी घेऊ दिली नसती. मग एकट्याच्या कानाला झेपणार कसं? म्हणून दादानं कामं वाटून दिली होती. त्यानं स्वतः खालचे, घुमणारे सूर धरायचे. मी वरची चाल धरायची. आणि आईनं भाजी चिरता चिरता बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायच्या, म्हणजे सूर कधी बदलतो ते कळे. आईला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण तिची मात्रा कधी चुकली नाही. गाणं संपलं की तिघंही धावत पेटीकडे. तोवर कुणी कुणाशी बोलायचं नाही. एकदा शेजारच्या अक्का मधेच ‘स्वल्प साखर आहे का’ विचारत आल्या, तर दादानं साखरेचा डबाच त्यांच्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

हे बंगळूरचं, विमानांच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समधलं. साठीचं दशक निम्मं सरलं होतं. वडील फॅक्टरीत इंजिनं तपासायचे. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. दर गुरुवारी आमच्याकडे भजन असे, पेटीवर अण्णा. कॉलनीतली सगळी मराठी मंडळी आणि निम्मी कानडी मंडळी आमच्या पुढच्या खोलीत मांडीला मांडी लावून बसायची. अण्णांचा स्वभाव नारळासारखा, असं आई म्हणायची. मी म्हणायचे, नारळ निदान फोडता तरी येतो.

दादा लहानपणी त्या भजनात पुढे बसून गायचा. गोड गळा होता. तेराव्या वर्षी आवाज फुटला तो कायमचा फुटला, पुन्हा जुळलाच नाही. अण्णा त्याला रागावले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत. एका गुरुवारी त्याची जागा शेजारच्या मुलाला दिली, एवढंच. त्या दिवसापासून दादा गुरुवारी सायकल घेऊन बाहेर पडायचा तो आरती झाल्यावरच परत यायचा. बापलेक एकाच फॅक्टरीत जायचे, कारण दादा तिथे अप्रेंटिस लागला होता, एकाच ताटलीतल्या चकल्या खायचे, पण गाण्याचा विषय निघाला की दोघांपैकी एक जण उठून जायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं. सांगणार कुणाला?

मग दादानं गिटार आणली. दंडूतलं, म्हणजे आपल्या कॅन्टोन्मेंटमधलं, एक अँग्लो-इंडियन कुटुंब घरदार विकून ऑस्ट्रेलियाला चाललं होतं. त्यांच्या खुर्च्या-कपाटांबरोबर ती गिटारही निघाली. गिटारवर दादाची बोटं बसली आणि त्याच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं. हे इंग्रजी गाणं आतून बनलंय कसं? एकेक सूर ओळीनं येत नाही, तीन-तीन सूर एकदम येतात, त्याला कॉर्ड म्हणतात. आई त्याला झुबका म्हणायची. ‘आता कुठला झुबका लागला रे?’ असं ती चुलीपाशी बसून विचारायची आणि दादा गंभीरपणे उत्तर द्यायचा. मला दोघांचंही हसू यायचं.

अण्णांना मात्र ते झुबके सोसत नसत. तीन माणसं एकदम बोलायला लागली की भांडण होतं, गाणं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय या गाण्यांना सा नाही. आपल्याकडे सा एकदा धरला की धरला, बाकी सगळे सूर त्याच्याभोवती. यांचं बूड एका जागी म्हणून नाही.

अशात दादाला एक संधी आली. दंडूतला एक रेल्वे गार्ड पियानो वाजवायचा. त्याचं चौघांचं टोळकं नाताळात नाचाच्या कार्यक्रमांना वाजवायचं, आणि त्यांचा गिटारवाला देश सोडून गेला होता. गार्डनं सगळ्या उमेदवार पोरांना एकच परीक्षा लावली. त्या दिवसांत गाजत असलेलं एक गाणं घ्या, त्याच्या कॉर्ड शोधा आणि ते नीट संपवून दाखवा. बरीच पोरं वाजवून गेली होती, पण गाणं संपवायला आलं की घोडं अडायचं. शेवट ऐकला की गार्ड मान हलवायचा आणि पुढच्याला बोलवायचा. दादाचा नंबर रविवारी संध्याकाळी होता.

अण्णा अर्थातच नाही म्हणाले. आईनं त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही. मुद्दाम. अण्णांनी तशीच आमटी जेवून घेतली आणि हात धुताना म्हणाले, “शनिवारी त्या गाण्याचा सा मला दाखव. दाखवलास तर जा.”

दादा खूष. त्याला वाटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला! गाण्यात झुबके तीनच होते आणि तिन्ही त्यानं अचूक धरले होते, आतल्या सुरांसकट. सगळे सूर पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवरचे, काळी एक नाही. आम्ही भावंडं लहानपणी पेटी शिकलो ती पांढरी एकला सा धरून, कारण तिथून सगळ्या पांढऱ्या पट्ट्या दाबत गेलं की सगळे शुद्ध सूर येतात. पांढऱ्याच पट्ट्या लागताहेत म्हणजे सा पांढरी एकचा, हे हाडीमाशी खिळलेलं. मलाही तसंच वाटलं, आईलाही. गाण्याचा शेवट मात्र कुणी ऐकलेला नव्हता. शेवटाकडे यावं आणि सिलोनचा आवाज बारीक होत होत जावा, असं दर आठवड्याला व्हायचं. आम्ही रेडिओला आणि हवेला शिव्या घालायचो. मग शेवट दादानं आपल्या मनानं जोडला, पांढरी एकवर आणून.

शनिवारी संध्याकाळी अण्णांनी सूरपेटी काढली. नुसता सा धरून ठेवायची ती छोटी पेटी. दादानं सांगितलं तसा त्यांनी पांढरी एकचा सूर लावला आणि भाता हलवायला लागले. दादा वाजवू लागला, मी चाल गुणगुणत होते. दोन ओळींतच माझी चाल अडखळली. सूर खडे चावल्यासारखे एकमेकांवर घासत होते. गाणं जिथे टेकत होतं तिथे सा नव्हता, आणि सा होता तिथे गाणं थांबायला तयार नव्हतं. शेवटी दादानं पांढरी एकवर आणून सोडलं तेव्हा तर दुसऱ्याच गाण्याचं शेपूट लावल्यासारखं वाटलं. अण्णांनी भाता मिटला. सा एकीकडे आणि गाणं एकीकडे, असं म्हणाले आणि चपला घालून फिरायला गेले. चेहऱ्यावर आनंद होता असं मी म्हणणार नाही, पण दुःखही नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांचा चष्मा ट्रंकेमागे टाकून दिला.

दादा जेवला नाही. रविवारी सकाळी रेडिओची वेळ झाली तरी आला नाही. मागच्या नळावर सायकल धूत बसला, धुतलेलीच पुन्हा धूत. मी आईला म्हटलं, आता हा पुन्हा कधी वाद्याला हात लावणार नाही, बघ. आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की त्याला नुसता नाताळचा नाच वाजवायचा नव्हता. या घरात सुरांशी आपलाही काही संबंध आहे, हे त्याला अण्णांकडून ऐकायचं होतं.

आणि रेडिओ लावला कुणी? अण्णांनी. घड्याळ लावून घ्यायचंय म्हणे. सिलोनवर! चष्मा सापडला नव्हता, त्यामुळे पेपर नुसता मांडीवर होता. चार गाण्यांनंतर ते गाणं लागलं. अण्णा इंजिन ऐकायचे तसे मान तिरकी करून ऐकू लागले. गाणं शेवटाकडे आलं, बारीक होत गेलं, विझलं.

“पण ही बाई बघा, लगेच कशी खणखणीत बोलायला लागली,” आई आतून म्हणाली.

खरंच की! गाणं बारीक होऊन गेलं आणि पुढच्याच क्षणी निवेदिकेचा आवाज ठणठणीत. दर आठवड्याला असंच होत होतं आणि आम्ही तिघं पेटीकडे धावायच्या घाईत तिच्याकडे लक्षच देत नव्हतो. म्हणजे हवेचा काही दोष नव्हता. गाणंच तसं होतं. त्याला शेवट नव्हताच. ते वाजत वाजत दूर जात होतं, आणि दादानं त्याला जो शेवट जोडला होता तो होता अंदाजपंचे दाहोदरसे. मग सा तरी खरा कशावरून?

अण्णा उठले. सूरपेटी पुढे ओढली. आधी पांढरी एक लावून गाण्याची चाल गुणगुणले आणि तोंड वाकडं केलं. मग पांढरी पाच लावली. पुन्हा गुणगुणले. काय सांगू, पाटावर माणूस बसावं तशी ती चाल त्या सुरावर जाऊन बसली! पट्ट्या सगळ्या पांढऱ्याच, पण सा पांढरी पाचचा. तिथून मोजलं तर बाकी सूर शुद्ध आणि निषाद तेवढा कोमल.

“हा तर खमाज थाट,” अण्णा स्वतःशीच म्हणाले.

त्यांचा हात अजून भात्यावर होता. मी दारात उभी होते. त्यांच्या अटीप्रमाणे ते जिंकलेच होते. आत्ता पेटी मिटून पेपर उचलला असता तर कुणाला काही कळलं नसतं, आणि मी बोलले असते तरी माझं ऐकतो कोण? दादा घरीच राहिला असता. पण चुकीचा सा माहीत असून तसाच राहू द्यायचा, हे त्या माणसाच्या हातून होणंच शक्य नव्हतं. ते उठले आणि अनवाणीच नळावर गेले.

“सूर सगळे बरोबर धरलेस,” ते दादाला म्हणाले. “घर तेवढं चुकलास. सा पांढरी पाचचा आहे. ये आत.”

दादा ओल्या हातांनी आत आला. अण्णांनी सूर धरला, दादानं तेच तीन झुबके वाजवले, तसेच, एकाही सुराचा बदल नाही. कालचे खडे कुठे गेले कुणास ठाऊक. शेवटी पांढरी एकवर न थांबता तो पांढरी पाचच्या झुबक्यावर येऊन टेकला. गाणं संपलं. खरोखरच संपलं. आई पदरानं हात पुसत दारात आली होती, ती म्हणाली की आता कसं पोट भरल्यासारखं झालं. अण्णांनी दादाकडे न बघता त्याला जा म्हणून सांगितलं आणि परतताना शेवटची बस चुकवू नकोस म्हणाले. अट घालणारे तेच आणि उत्तर शोधून देणारेही तेच. असला परीक्षक मी पुढे जन्मात पाहिला नाही. चष्मा मी हळूच कोनाड्यात आणून ठेवला.

संध्याकाळी दादा गेला. दिवेलागणीनंतर मी पुढच्या खोलीत आले तर अण्णा पेटीसमोर बसलेले. मला म्हणाले की ती तीन बोटं कुठे ठेवतात ते दाखव. मी त्यांची बोटं धरून एकेका पट्टीवर ठेवली. आयुष्यभर एका वेळी एकच सूर काढलेली ती बोटं पार अवघडून गेली होती. त्यांनी भाता ओढला. तीन सूर एकदम निघाले. अण्णांनी ते संपेपर्यंत ऐकले. मग दुसरा झुबका विचारला, मग तिसरा. मधलं बोट दर वेळी भलतीकडे जायचं. मला म्हणाले, “हे त्यानं रेडिओवरून काढलं? त्या खरखरीतून? मधला सूरसुद्धा?” मी हो म्हटलं. पुन्हा त्यांनी तेच विचारलं. आईनं आतून ऐकलं असावं, कारण ती बाहेर येऊन म्हणाली की हिला काय विचारता, ज्यानं काढलं त्याला विचारा.

दादा परत आला तेव्हा अण्णा फाटकापाशीच होते. मी खिडकीत होते. दादानं लांबूनच सांगितलं की घेतलं म्हणून, शेवट ऐकून गार्ड पियानोवरून उठून आला म्हणून. अण्णांनी ते ऐकलं. फाटकाची कडी काढली नाही, तिच्यावर हात ठेवून उभे राहिले.

“मी तुझा गळाच ऐकत बसलो रे,” ते म्हणाले. “कान बघायचा राहूनच गेला.”

दादाचा हात फाटकावर होता तो तिथेच राहिला. वीस वर्षांचा घोडा, मिसरूड फुटलेला, आणि रस्त्यात उभा राहून ओक्साबोक्शी रडला. मीही रडले, लपवायचं काय त्यात. अण्णा त्याला उगी म्हणाले नाहीत, आत चलही म्हणाले नाहीत. फाटकाच्या अलीकडे तसेच उभे राहिले, त्याचं रडून होईपर्यंत.