डॉक्टरांच्या काकू

आमच्या मोताळ्यातल्या डॉक्टरांचा आईवर फार जीव होता. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, तो खरंच होता. ते तिला काकू म्हणत. ती त्यांच्या दवाखान्यात कधी रिकाम्या हाताने गेली नाही. सीताफळांच्या दिवसांत सीताफळं, हुरड्याच्या दिवसांत हुरडा, शेगावला जाऊन आली की प्रसाद. वर आपला नंबर आला तरी लेकुरवाळ्या बायांना पुढे सोडायची. दवाखान्यात जायचं म्हणजे अंघोळ करून, केसांना तेल लावून, इस्त्रीची साडी नेसून. आजारी माणसाने आजारी दिसू नये, असा तिचा कायदाच होता.

शेजारच्या खालाचा कायदा नेमका उलटा. ती दारातूनच कण्हत यायची, कुठली गोळी कशासाठी ते खोदून खोदून विचारायची आणि पोट तपासल्याशिवाय उठायची नाही. "हात लगाके तो देखो, डॉक्टरसाब," असं सगळ्यांसमोर म्हणायची. डॉक्टर तिला वैतागत. एकदा कटकट टळावी म्हणून त्यांनी तिला सोनोग्राफीला बुलढाण्याला पिटाळलं, तर पित्ताशयात खडे निघाले. वेळेत ऑपरेशन झालं. खाला आजही ठणठणीत आहे, आणि तिला पाहिलं की मला उगीच राग येतो.

आईने खांद्याचं दुखणं सांगितलं तेव्हा मी तिच्याजवळच बसले होते.

"नेमकं कुठं दुखते, काकू?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने पदर ओढून घेतला आणि हसली. "खांदाच, बापा. वय झालं आता."

तेही हसले. मलम लिहून दिलं, माझ्या शाळेची चौकशी केली. पुढच्या खेपेला गोळ्या बदलल्या. तिला टेबलावर झोपवून तपासावं, असं त्यांच्या मनात आलं नाही. आलंही असेल, पण काकूंना कसं म्हणायचं म्हणून संकोचले असतील. बाहेर आल्यावर आई म्हणायची, "किती गोड बोलते हा पोरगा."

हात सुजला तेव्हा मी तिला अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना ना काकू ठाऊक, ना सीताफळं. त्यांनी सरळ पडद्यामागे नेऊन तपासलं. "छातीतली ही गाठ कधीपासून आहे?"

आई छताकडे बघत म्हणाली, "मागच्याच्या मागच्या हुरड्यापासून."

त्यानंतर आणखी एक हुरडा येऊन गेला होता.

परतताना गाडीत मी तिला विचारलं, तू बोलली का नाहीस. ती माझ्यावरच चिडली. "जो पोरगा मले काकू म्हनते, त्याले छाती कशी दाखवू?" मग म्हणाली, "मले पहिलेपासून माहीत होतं, हे त्याले सांगू नको. त्याच्या मनाले लागन." मी हो म्हटलं. उपचारांना उशीर झाला होता. ती गेली.

परवा मी तापाचं औषध आणायला डॉक्टरांकडे गेले होते. समोर एक तरुण मुलगी छातीशी हात धरून काहीतरी सांगू पाहत होती. तिचं बोलणं अर्ध्यावर तोडून डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "यांच्या आई होत्या. इतकं मोठं दुखणं अचानक आलं, पण एका शब्दाची तक्रार नाही. पेशंट असावा तर तसा." बाकावरच्या बायांनी माना हलवल्या. त्या मुलीने छातीवरचा हात खाली घेतला.

मला राहवलं नाही. "अचानक नव्हतं, डॉक्टर. ती गाठ घेऊनच तुमच्यासमोर बसत होती. तुम्ही काकू म्हणायचात, म्हणून बोलली नाही. या मुलीला नीट तपासा."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी नर्सला बोलावून पडदा ओढायला सांगितला.

आई गेल्यापासून माझ्या स्वप्नात यायची, गप्पा मारायची. त्या दिवसापासूनही येते, पण माझ्याकडे पाठ फिरवून बसते. मी सांगते, त्या पोरीसाठी बोलले गं. ती वळत नाही.