गोडघर बंद पडलंच नव्हतं

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. गेल्या आठवड्यात ती पहिल्यांदा एका व्यक्तीला सांगितली — जिला सर्वांत आधी सांगायला हवी होती, तिला — आणि तेव्हापासून इतकं मोकळं वाटतंय की आता तुम्हालाही सांगून टाकते. तुमची माझी ओळख नाही हे एका परीनं बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर मी पुन्हा काहीतरी सजवून सांगेन. सजावट हा माझा धंदाच आहे.

धंदा म्हणजे — कसं सांगू? मी गोडाचं म्युझियम चालवते. हसलात तरी चालेल, माझे सासरे अजून हसतात. आधी मी लग्नांची सजावट करायचे. आमच्या इथल्या टोपी बाजारातून जाळीचं कापड आणि कागदी फुलं उचलायची, मंडप उभा करायचा, दुसऱ्या दिवशी उतरवायचा. पण गेल्या काही वर्षांत बघत होते, लोक नवरा-नवरीपेक्षा कोपऱ्यातल्या फोटोच्या जागेवर जास्त गर्दी करतात. आशीर्वाद द्यायला कुणी थांबायला तयार नाही, आणि माझ्या कागदी मोरापुढे ही रांग. त्याच सुमाराला मोठ्या शहरांत आइस्क्रीमची, चॉकलेटची म्युझियमं निघाली होती. म्युझियम नुसतं नावाला, आत जुनंपुराणं काही नाही. गुलाबी खोल्या, लोळायला जागा, फोटो काढायला उजेड. महिना-दोन महिने एका गावात चालवायचं, मग गाशा गुंडाळून दुसरीकडे. माझी भाची ऋचा नोकरी सोडून घरी बसली होती. ती म्हणाली, "मावशी, आपल्याकडे क्यूँ नहीं? इथल्या पब्लिकला पण फोटो काढायचेच आहेत ना."

तर फूलबागेजवळ एक बंद पडलेलं शोरूम भाड्यानं घेतलं आणि 'गोडघर' उघडलं. एका खोलीत पिवळ्या प्लॅस्टिकच्या चेंडूंचा खड्डा, म्हणजे मोतीचूर. त्यात उड्या मारायच्या. एका खोलीत जिलबीचा झोका. एकीकडे पांढऱ्या फुग्यांनी भरलेली कढई, त्यात बसून रसगुल्ला व्हायचं. आणि सगळ्यांत शेवटी एक खरी खोली — काकूंची.

मालतीकाकू म्हणजे हरिशंकरपुरममध्ये माझ्या आईच्या शेजारी. नात्यानं कुणी नाहीत, पण माझ्या लग्नात आईपेक्षा त्याच जास्त रडल्या. गावाच्या लष्कर भागातल्या सगळ्या मराठी घरांत त्यांचे चिरोटे ठाऊक, आणि चिरोट्यांपेक्षा त्यांचा आवाज ठाऊक. मीच गळ घातली. म्हटलं, काकू, तुम्ही तिथे बसून चिरोटे करा, लोक बघतील, तुमच्याबरोबर लाटतील, खातील. त्यांनी आदल्या दिवशी नवी नऊवार काढली. नातवंडं पुण्यात, घरात एकट्या — त्या वयात कुणी आपल्याला बघायला रांगेत उभं राहणार, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. आणि मला? खरं सांगते, मला त्यांची नऊवार हवी होती. फोटोत छान दिसली असती.

पण काकू फोटोत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पोरं मोतीचुरातून उड्या मारून येत, केसांत चमकी, हातात फोन, आणि काकू दारातच अडवत. "पहले हाथ धोओ बेटा. बैठो. खाओ. फोटो कहीं भागी नहीं जा रही." पाट मांडलेले होते, त्यावर बसवत. अर्धा चिरोटा टाकून उठू देत नसत. कॉलेजातल्या मुली गुडघे दुखेपर्यंत मांडी घालून बसायच्या, मागे रांग खोळंबायची, आणि पाकाच्या बोटांनी फोन चिकट, झोका चिकट, पांढरे फुगे चिकट. या धंद्यात माणूस पुढे सरकत राहिला पाहिजे. एका खोलीत तो अडकला की मागच्या सगळ्या खोल्या अडकतात. ऋचा रोज कपाळाला हात लावायची. "मावशी, लोग काकूंच्या रूमच्या आधीच वापस जायला लागलेत."

मग त्यांना सांगायचं होतं की नाही? काकू, तुमची खोली चालत नाहीये. एवढं एक वाक्य. दोन दिवस त्यांनी माझ्या नावानं बोटं मोडली असती, तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या असत्या. चाळीस वर्षं ओळखते मी त्यांना, मला हे पक्कं माहीत होतं. तरी तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं? मला वाईट व्हायचं नव्हतं, बस. सगळ्यांची लाडकी शुभा राहायचं होतं.

शोरूमची मुदत संपत आली होती. पुढचा मुक्काम झांशीला ठरला होता, मग आग्रा, मग भोपाळ. सामान बांधायला घेतलं, खोल्या उघड्याबोडक्या दिसायला लागल्या, आणि काकू दारात उभ्या राहून बघत राहिल्या. त्यांनीच विचारलं, "काय गं, सगळं उचललंस?" आणि मी म्हणाले — हो, हेच ते — मी म्हणाले, "बंद केलं काकू. नाही चाललं."

ठरवून आले नव्हते. जिभेवर आलं आणि निघून गेलं. त्यांच्या अंगावर कुठलाच दोष जात नव्हता, माझ्याही नाही. किती सोयीचं. त्या पुढे आल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, पिठाचे हात, आणि रडल्या. घरी नेऊन मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. म्हणाल्या, "चिंता नको करू. कुणाची तरी नजर लागली. परत उघडेल तुझं, मी सांगते ना." मी खाली मान घालून बसले होते. त्यांना वाटलं, दुःखानं.

झांशीत गोडघर तुफान चाललं. काकूंच्या खोलीच्या जागी आम्ही ढगांची खोली केली, बुढ्ढी के बाल असतात ना, तसे कापसाचे गुलाबी ढग. तिथे फोटो काढून लोक आपणहून पुढे सरकायचे, आणि कुणी चिकटही होत नसे. आईला आणि गल्लीतल्या सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की बाहेरगावी सजावटीची कामं मिळतात. काकूंच्या हातात साधा फोन, गुडघ्यांमुळे बाहेर जाणं म्हणजे देऊळ आणि भजनी मंडळ. कळणार कसं?

इथपर्यंत झालं असतं तर मी तुमच्याशी बोलायला बसलेच नसते. असलं खोटं कोण बोलत नाही? पण त्या वर्षी गणपतीत आरतीनंतर मोदकांचं ताट फिरलं, आणि काकूंनी हात जोडून ते पुढे सरकवलं. स्वतः केलेले मोदक. मी आईला विचारलं, काकूंना साखर निघाली का? आई म्हणाली, "नाही गं. गोड सोडलंय त्यांनी. तुझ्यासाठी. तुझं ते घर परत उघडेपर्यंत गोडाचा कण तोंडात घालायचा नाही म्हणून नवस केलाय. तुला सांगू नको म्हणाल्या होत्या."

आपल्याकडे बायका काहीबाही सोडतच असतात. चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी भात. पण काकूंनी गोड सोडायचं? ज्या बाईला सकाळच्या चहात दोन चमचे साखर नि वर बोटाएवढा गूळ लागायचा? त्यांच्या मुलाला वाटलं, आईनं वयाचं मनावर घेतलं, तो खूश. काकू तशाच सगळ्यांसाठी चिरोटे करत राहिल्या, अनारसे करत राहिल्या. पाक नीट झालाय की नाही ते चाखायला शेजारच्या सुनेला बोलवायच्या.

तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं ना, की काकू, उघडलं परत. दुसरं खोटं, पण निदान नवस तरी सुटला असता. मलाही सुचलं होतं ते. पहिल्या रात्रीच सुचलं होतं. पण उघडलं म्हटलं असतं तर काकू पोळपाट-लाटणं घेऊन दुसऱ्या दिवशी बसच्या स्टँडवर उभ्या राहिल्या असत्या. त्यांनी स्वतःची खोली मागितली असती. आणि मला ती द्यायची नव्हती. आता कळलं ना तुम्हाला मी काय केलं ते? मुद्दा खोटं बोलण्याचा नाही उरला. माझे ढग नीट राहावेत म्हणून मी एका म्हाताऱ्या बाईला गोडावाचून ठेवलं — जाणूनबुजून, दिवाळ्या उलटू दिल्या. वर दर भाऊबीजेला जाऊन त्यांच्या पायाही पडत होते. त्या आशीर्वाद देत होत्या, त्यातही धंद्याचाच आशीर्वाद.

मध्ये मध्ये मी स्वतःला समजावत असे की या वयात साखर कमी झालेली चांगलीच. बघा, किती लवकर माणसाला कारण सापडतं.

गेल्या आठवड्यातच काकूंचं सहस्रचंद्रदर्शन झालं. मुलगा पुण्याहून आला, हॉल घेतला, दिवे ओवाळले, आणि त्यांची गुळाची तुला केली. एका पारड्यात नव्या शालूत काकू, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. मुलगा एकेक ढेप चढवत होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि काकू त्या गुळाकडे बघत होत्या. मग एकेक जण पुढे येऊन त्यांच्या तोंडात पेढा घालायला लागला. प्रत्येक वेळी त्या ओठ मिटून मान हलवत. सून कानाशी लागली, "आई, आजच्या दिवस तरी." त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी गर्दीत मला शोधलं, आणि माझ्याकडे बघून अशा हसल्या — जसं काही आमच्या दोघींचं गुपित आहे. मी हॉलच्या बाहेर जाऊन गाडीत बसले. जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्याची खात्री करून त्यांच्याकडे गेले.

भाषण घोकलं होतं. त्यातलं काहीच आलं नाही. दारातच उभी राहून म्हणाले, काकू, ते बंद पडलंच नव्हतं. एक दिवससुद्धा नाही. फक्त तुमची खोली बंद केली, आणि तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.

त्यांना आधी समजेना. "म्हणजे झांशीला जातेस ते?" मी हो म्हटलं. "आणि आग्र्याला?" तेही. मला वाटत होतं, ओरडतील. ओरडल्या असत्या तर किती बरं झालं असतं. शेवटी इतकंच म्हणाल्या, "आणि मी त्याला काय काय बोलले गं."

मला कळेना, कुणाला? त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, स्वयंपाकघरातून साखरेची वाटी आणली आणि देवघरासमोर बसल्या. तेव्हा सांगितलं त्यांनी, माझ्याकडे पाठ करूनच. घरच्या गणपतीला त्या रोज साखर ठेवायच्या. नवस फळेना तेव्हा रागावून ती बंद केली. तू तिचं घर उघडत नाहीस ना, मग तुलाही नाही. रोज सकाळी पूजा करताना त्याला ऐकवायच्या, तू बहिरा आहेस, तुला एका पोरीचं एवढंसं काम होत नाही. इतके दिवस. आणि त्यानं बिचाऱ्यानं काम आधीच करून ठेवलं होतं.

काकूंनी वाटी त्याच्यापुढे ठेवली. दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. "चुकलं रे माझं," म्हणाल्या. "तू माफ कर."

मी मागे उभी होते. चूक कुणाची होती? कान कुणी धरायला हवे होते? चूक माझी, असं म्हणणार होते, पण त्या वेळी ते त्यांच्या आणि देवाच्या मध्ये घुसवायचा मला काय अधिकार होता. मग त्यांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि डोळे मिटून बसल्या. किती वेळ चघळत होत्या. उठताना, माझ्याकडे न बघता, उरलेली माझ्या हातावर ठेवली. प्रसाद कुणाला नाही म्हणून चालत नाही, म्हणून ठेवली असेल. मी खाल्ली.

त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. परवा आईकडे गेले होते, तर त्यांच्या घरातून आवाज येत होता. शेजारच्या सुनेला दरडावत होत्या की पाक मीच चाखणार, तू हो बाजूला. मी जिन्यात थांबून ऐकलं. मग खाली उतरले, आणि पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं की मी हसते आहे. कालही नीट झोप लागली. मला झोप लागावी असं काही मी केलेलं नाही, तरी लागली.