शनिवारी फक्त कान

पंपकाकांना शनिवारी बोलावलं तर ते यायचे, पण हात पाठीमागे बांधून. पान्याला, पकडीला, साध्या स्क्रूलासुद्धा शिवायचे नाहीत. "आज हात देवाचे, कान तुमचे," म्हणायचे. मग डोळे मिटून पाइपाला कान लावायचे आणि आपण जरा जोरात श्वास घेतला तरी "श्श!" करायचे. पनवेलच्या त्यांच्या बेने इस्रायल, म्हणजे ज्यू, मंडळींत शनिवारी कामाला हात न लावण्याचा नेम पाळणारे पुष्कळ होते. पण शनिवारी अर्धं काम करणारा माणूस मी हा एकच पाहिला.

माझ्या सासऱ्यांच्या भाताच्या गिरणीतली मोटर तेच सांभाळत. सासऱ्यांना यंत्रांचं भारी वेड. गावात विजेचे पंप बोटांवर मोजण्याइतके, त्यातही आमचा नवलाचा. लोखंडी टाकीत पाणी दाबाखाली साठायचं, नळ उघडला की दाब उतरायचा आणि पंप आपोआप सुरू व्हायचा. तो काकांनीच बसवला होता. "यंत्र खोटं बोलत नाही, पोरी," मी नवी नवरी असताना ते मला म्हणाले होते. "मलाही मग तीच सवय लागली." खरंच, रोकठोक माणूस. बिघाड तुमच्या चुकीनं झाला असेल तर तोंडावर सांगायचे, मग तुम्ही रागवा नाहीतर चहा द्या.

लग्नाला दोन महिने होत नाहीत तोच सासरे गेले. रोज दुपारी साडेबाराला गिरणीतून यायचे, पायांचा कोंडा मोरीत खसाखसा घासून धुवायचे आणि पानावर बसायचे. त्या दिवशी आलेच नाहीत. तेरावं झालं आणि पंपानं खूळ घेतलं. नळ सगळे बंद, मोरी कोरडी, आणि मागच्या अंगणात घर्रर्र. थांबायचा. थोड्या वेळानं पुन्हा घर्रर्र. भर उन्हात अंगावर काटा यायचा हो! सासूबाईंना मात्र कसलीच भीती नाही. त्या मोरीच्या दाराशी पंचा नेऊन ठेवायच्या. "तेच हायत. पाय धुतात," एवढंच म्हणायच्या.

मग उरणजवळच्या मोऱ्याहून आतेसासू आल्या. पहिल्याच दुपारी पंप ऐकला आणि निकाल देऊन मोकळ्या झाल्या. "माझ्या भावाचा जीव अडकलाय. या पोरीचा पाय घराला लागला नि तो गेला. सोमवारी हिला माहेरी धाडा, पंप गप होतो का नाय बघा." माझा नवरा खाली मान घालून बसलेला. काही दिवसांसाठी म्हणून माहेरी गेलेल्या दोघीजणी मला माहीत होत्या. दोघींपैकी एकीचीही ट्रंक सासरी परत आली नव्हती. रात्रभर रडले मी. सकाळी नवऱ्यानं एक बरं केलं, पंपकाकांना बोलावून आणलं. वार शनिवार.

काकांनी आम्हा सगळ्यांना मागच्या पडवीत, डोळ्यांसमोर बसवलं आणि पाइपाला कान लावला. दोन-तीनदा पंप सुरू होऊन थांबला. "सोपं आहे," ते म्हणाले. "विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशी झडप असते, ती नीट बसत नाहीये. पाणी परत विहिरीत उतरतं, दाब घटतो, पंपाला वाटतं कुणीतरी नळ उघडला. पण ऐका, गळती असली की तो थोडाच चालतो. नळ उघडला तरच लांब चालतो."

हे बोलून होतंय तोच घड्याळात साडेबाराचा ठोका पडला आणि पंप सुरू झाला. थांबेचना. सासूबाई, आतेसासू, नवरा, मी, चौघंही पडवीत. घरात पाचवं माणूस नाही. काकांचा कान पाइपाला तसाच. त्यांचा चेहरा पांढराफटक पडत गेलेला मी पाहिला. त्यांनी डोळे उघडून थेट माझ्याकडे पाहिलं. पंप थांबला.

"गळतीच आहे," ते म्हणाले. "उद्या सकाळी पाइप काढतो. आणि सूनबाईला कुठे पाठवू नका."

रविवारी पाइप वर आला. तळाची जाळी फाटलेली, आणि झडपेच्या चामड्याखाली अडकलेला हिरव्या बांगडीचा तुकडा. घरात हिरवा चुडा माझ्याच हातात! आतेसासू तर टपूनच उभ्या होत्या. काकांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग सासूबाईंच्या मोकळ्या मनगटांकडे. सासूबाई विहिरीच्या कठड्याला घट्ट धरून होत्या. सासरे गेले त्या दिवशी फोडलेल्या बांगड्या त्यांनी पदरात वेचल्या होत्या. बाहेर टाकवल्या नसणार, घरच्या विहिरीत सोडल्या. आतेसासूंना दिसायच्या आत काकांनी तुकड्यावर मूठ मिटली. "खडा!" ते ओरडले. "एवढासा खडा, आणि केवढं रामायण!"

नवं चामडं बसवलं, पंप गप झाला. सोमवारी आतेसासू एकट्याच गेल्या.

पुढे काही वर्षांनी काकांचं सगळं घर इस्रायलला निघालं. सासूबाई तेव्हा नव्हत्या. काका शुक्रवारी निरोप घ्यायला आले. "उद्या हात बांधलेले असतात," म्हणाले आणि कागदाची पुडी माझ्या हातावर ठेवली. आत तो हिरवा तुकडा.

"या घरात मी दोनदा खोटं बोललो, पोरी. एकदा याला खडा म्हणालो."

"आणि तो लांब चालला होता," मी म्हणाले.

"चालला होता. पाइपात पाय घासल्याचा आवाज होता. शेठच्या पायांचा आवाज मी ओळखणार नाही?"

"मग सांगितलं का नाही, काका?"

"सांगितलं असतं तर तू सोमवारी गेली असतीस."

ते गेले. मला रडू आवरेना. बापानं केलं नसतं ते या माणसानं माझ्यासाठी केलं होतं. अजून कधीमधी दुपारी साडेबाराला पंप लांब चालतो. मी कुणाला बोलावत नाही. मोरीच्या दाराशी पंचा ठेवते.