ठिबकची नळी कोण फोडतंय?

मंडळी, यंदा शेतातला पाट बुजवून कापसाला ठिबक केलं. पाणी पुरतंय, गवतही कमी, मी खूश. पण रोज एखाद्या नळीला भोक आणि पुढच्या रोपांनी माना टाकलेल्या. मी उंदरांना शिव्या घालत होतो.

आज सकाळी बांधावर दबा धरून बसलो. निंबावरून खार उतरली, नळी चावली, उडालेली चिळकांडी निवांत प्यायली आणि गेली!

घरी माय भाकरी थापत होती. तिला चिडूनच सांगितलं. ती म्हणाली, "पहिले पाटमा पाणी व्हतं. आते बठ्ठं नळीमा शे. खारीसनी कोठे पेवानं?"

खरंच, सगळं पाणी तर मीच नळीत कोंडलं होतं. दुपारी फुटक्या माठाची दोन खापरं काठोकाठ भरून निंबाखाली ठेवली.

आत्ता जाऊन पाहिलं, तर दोन्ही रिकामी. सांडलेल्या पाण्याच्या चिखलात खारीची पावलं होतीच, पण तितराची होती, मुंगसाची होती, आणि एक मोठं, बहुतेक मोराचं.

इतके जण माझ्या पाटावर पीत होते, आणि मी समजत होतो पाणी फक्त कापसाला जातं.

ठिबक केलेल्यांनो, तुमच्या पाटावर कोण कोण यायचं? ते आता कुठे जातात?