पुन्हा भिजत घातलेले वाल

बसा, चहा ठेवलाय. तो उकळेपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या. नाहीतर आमच्या पाम गावातलं कुणीतरी तुम्हाला सांगणारच, आणि त्यात तिखटमीठ माझ्यापेक्षा जास्त असेल.

आधी एक कबूल करते. मी व्रतवैकल्यांतली बाई. सोमवार, चतुर्थी, एकादशी, श्रावणात तर विचारूच नका. आमचे हे म्हणतात, कॅलेंडरात हिचा उपास नसलेला दिवस लाल रंगात छापायला हवा. म्हणोत. बाईमाणसाला संसारात धरायला काहीतरी लागतं. कुणी भिंत धरतं, मी व्रत धरते.

तर झालं काय, आमची मधली केतकी. नऊ वर्षांची. तिला दम्याचा त्रास. कारखान्यांकडचा वारा फिरला की पोरीची छाती वाजायला लागते. गेल्या वर्षी निम्मी शाळा बुडली. जायची तेव्हा वर्गात तिच्या खोकल्याची नक्कल व्हायची. मग शाळेची गाडी यायच्या वेळेला तिचं पोट दुखायला लागलं. रोज. मी ओवा दिला, हिंग लावला, दृष्ट काढली. शेवटी कळलं की दुखणं पोटात नाहीच आहे.

मी ह्यांना म्हटलं, वर्षभर घरीच शिकवते. आणि एकटीला घरी ठेवली तर ती स्वतःला आजारी समजेल, म्हणून तिघांनाही घरीच. थोरला ओंकार तेरा वर्षांचा, धाकटा पार्थ पाच वर्षांचा. ओंकारने तर मला चक्क वाकून नमस्कार केला. दिवाळीला कपडे घेतले तरी करत नाही हो.

हे तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जातात. रात्रपाळी करून आलेला माणूस, हो-नाही करत बसायला अंगात जीव कुठे असतो? म्हणाले, "ठीक आहे. पण भाऊबिजेला ताई येईल. ती तिघांची परीक्षा घेईल. जो नापास होईल तो शाळेत. मग रडायचं नाही."

ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. सफाळ्याला असतात. उभा जन्म गावच्या शाळेत मास्तरीण. त्यांच्यासमोर आमचे हेसुद्धा अजून पाढे म्हणायच्या तयारीत उभे राहतात. केतकीने ते ऐकलं आणि माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं.

आता अभ्यासक्रम निवडायचा. तुम्ही कधी तीन वयांच्या तीन मुलांसाठी अभ्यासक्रम निवडलाय? नका निवडू. साडीच्या दुकानात नणंद, जाऊ आणि सासू यांना एकदम घेऊन जा, ते सोपं आहे.

घरी शिकवणाऱ्या आयांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात मी शिरले. एकीने सांगितलं, प्रत्येकाला इयत्तेप्रमाणे वेगळा संच घ्या. घेतला नमुन्याला. ओंकारची त्रिकोणांची सिद्धता, केतकीचे अपूर्णांक आणि पार्थचा 'क' कमळाचा, तिघं एकाच वेळी 'आई' म्हणून हाक मारत. मला तीन तोंडं हवी होती, ती फक्त दत्तगुरूंना आहेत. दुसरी म्हणाली, काही शिकवूच नका, मुलं आपोआप शिकतात. तसं केलं. पार्थ आपोआप चिकूच्या झाडावर चढायला शिकला, उतरायला नाही. तिसरा अभ्यासक्रम सगळा फोनवर. त्यात फोन ओंकारच्या हातात, आणि अभ्यास कुठे गेला ते देवाला ठाऊक. शाळा सुरू व्हायला आली आणि माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

मग एक सापडला. घरातल्या सगळ्या वयांना एकच पाठ, ज्याने त्याने आपापल्या कुवतीने घ्यायचा. वाचलं आणि डोळे भरून आले. अहो, हा तर प्रसाद! कढई एकच, वाटी ज्याची त्याची. प्रस्तावनेत लिहिलं होतं, या पद्धतीत सातत्य फार महत्त्वाचं.

सातत्य. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

बोईसरला जाऊन पानं छापून आणली. दुकानातला भय्या म्हणाला, "भाभी, ट्यूशन खोल रहे हो? कौनसी क्लास?" मी म्हटलं, सगळ्या. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पानं बांधायचे पैसे घेतलेच नाहीत.

चांगला दिवस पाहिला. चौरंग मांडला, पानं त्यावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. आणि इथे माझं चुकलं. हातावर पाणी घेऊन मी संकल्प सोडला. रोज पाठ होईल, खंड पडू देणार नाही, पडलाच तर व्रताच्या नियमाप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून करीन.

पाणी ताम्हनात पडलं आणि मी अडकले.

पहिला पाठ होता 'बी रुजते'. वाल भिजत घालायचे, ओल्या कापसावर ठेवायचे आणि रोज बघायचं. पार्थने वाल मोजायचे, केतकीने अंकुराचं चित्र काढायचं, ओंकारने शेकडा किती रुजले ते काढायचं. तिघं एका चटईवर, मध्ये वाटी. मला वाटलं, देवी पावली.

पाठ संपायला आला आणि वारा फिरला. केतकीला धाप लागली. दोन दिवस वाफारा आणि औषधं. तिसऱ्या दिवशी मी पुढचं पान उघडतेय तर सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, "खंड पडला गो सूनबाय. आता ह्या नाय चालायचा. पयल्यापासून कर."

घरात व्रतांचं हायकोर्ट म्हणजे आमच्या सासूबाई. मी निमूट वाल भिजत घातले.

मग माझ्या अडचणीचे दिवस आले. खंड. मग मुरबे गावची मासेवाली मावशी ताजे बोंबील घेऊन आली आणि चटईवर पेपर अंथरून साफ करायला बसली. खंड. पार्थ पाठाच्या मध्येच झोपला, तर तोही खंड, असा सासूबाईंचा निकाल. आणि तिघांचा संकल्प एक, म्हणजे एकाचा खंड तो तिघांचा खंड.

प्रत्येक वेळी नवे वाल. आणि रुजलेले वाल टाकणार कोण? आमच्याकडे रोज त्या मोडाच्या वालांचं बिरडं शिजायला लागलं. नारळाच्या रसातलं बिरडं, वांगं घालून बिरडं, नुसतंच बिरडं. ह्यांच्या डब्यात आठवडाआठवडा बिरडं. सोबतचे कामगार विचारायला लागले, घरी सगळं ठीक आहे ना? हे मला म्हणाले, "अगं, यांचा दुसरा पाठ कशाचा आहे? पनीरचा वगैरे असला तर लवकर घे."

दुसरा पाठ पाण्याचा होता. आणि तो कठीण होता, हे ओंकारने चोरून वाचलं होतं. तिथून तर विचारूच नका. दुसरा पाठ जवळ आला की आमच्याकडे पाहुणे यायला लागले. शेजारच्या काकू म्हणायच्या, "ओंकार बोलला, आईने चहाला बोलावलंय." मला वाटायचं, श्रावणाचं पुण्य, घरात माणसं येतात. आणि मी पुन्हा वाल निवडायला बसायचे. थकले हो. रात्री डोळे मिटले की अंकुर दिसायचे.

एक मात्र व्हायला लागलं. केतकी आता पाठाच्या वेळी खोकत नव्हती. मान खाली घालून चित्र काढायची. मी देवीपुढे जास्तीची वात लावली. म्हटलं, औषधाने नाही पण व्रताने गुण आला.

भाऊबीज आली, ताई आल्या. ओवाळणं झालं, जेवणं झाली (बिरडं नव्हतं, ह्यांनी शपथ घातली होती) आणि ताई झोपाळ्यावर बसल्या. तिघं समोर चटईवर. मी दाराआड जप करत होते.

"काय शिकलात?" ताईंनी विचारलं.

आणि काय सांगू, मुलं सुटलीच. ओंकारने मूळ आधी का फुटतं ते सांगितलं. पार्थने बीजपत्रं मोजून दाखवली. ओंकार शेकडेवारीत अडकला तर सासूबाईंनी ओटीवरून आकडा सांगितला. ताई खूश. मला म्हणाल्या, "वहिनी, एवढं पक्कं तर मीही कधी करून घेतलं नाही." मी दाराआडून पदर सावरत बाहेर आले. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती.

"बरं, आता पुढचा पाठ सांगा."

ओंकार छताकडे बघायला लागला. पार्थ म्हणाला, "पुढचा नसतो."

तेवढ्यात ताईंचं लक्ष केतकीकडे गेलं. पोरीचा चेहरा लाल झाला होता, ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. ताई झोपाळ्यावरून उठल्या आणि खाली बसल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "खोक बाळा. कशाला दाबतेस?"

केतकी खोकली. खूप वेळ खोकली. मग हळूच म्हणाली, "आत्या, मी खोकले की सगळ्यांना पहिल्यापासून करावं लागतं."

माझी जपमाळ हातात तशीच राहिली. ज्या खोकल्यासाठी पोरीला शाळेतून घरी आणली, तो तिला माझ्या चटईवरही गिळायला लागत होता. आणि मी त्यासाठी देवीपुढे वाती लावत होते.

ताईंनी मग एकेक करून सगळं काढून घेतलं. संकल्प, खंड, बोंबील, पाहुणे. ओंकारच्या पाहुण्यांचं कळलं तेव्हा हे हसत सुटले. सासूबाई मात्र केतकीकडे बघत म्हणाल्या, "पोरीचा खोकला खंडात नाय धरायचा. आमी तेवडं बगितलंच नाय."

ताई मला म्हणाल्या, "वहिनी, अभ्यासक्रम तू चांगला निवडलास. तिघांना एका चटईवर बसवणारा मलाही सापडला नसता. पण देवाने तरी कधी एका दिवसाचा उपास मोडला म्हणून जन्म पहिल्यापासून घ्यायला लावलाय का? उद्या दुसरं पान उघड. कुणी खोको, कुणी झोपो, पान पुढेच जाईल."

मी मान हलवली. केतकी माझ्या मांडीला येऊन टेकली. धाप होती, पण पदर मुठीत धरला नव्हता.

"म्हणजे पोरं पास?" ह्यांनी विचारलं.

"पोरं पास. एकच पाठ, पण शंभर नंबरी."

"मग नापास कोण? अट म्हणजे अट, ताई. नापास तो शाळेत."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. ओंकारने बघितलं. केतकीनेही मान वर करून बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी ती हसली.

पार्थ उठून आत गेला. कपाटातून केतकीचं जुनं दप्तर ओढत घेऊन आला आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मग माझ्या गालावरून हात फिरवून मला अगदी समजुतीने म्हणाला, "आई, पहिल्या दिवशी सगळ्यांनाच रडू येतं."