नांदेड ते लातूर: तान्हं बाळ, कोरा चाकू आणि एक नाका

बाळंतपण आटोपून नांदेडहून लातूरला सासरी निघायचं ठरलं, तेव्हा आईनं डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, दुपटी, काजळाची डबी असं एकेक काढून समोर मांडलं. मी म्हटलं, ते सगळं राहू दे, आधी चाकूचं काय ते सांग.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. आमच्याकडे तान्ह्याच्या उशाखाली लोखंड ठेवतात. घरात विळा चालतो. प्रवासात मात्र कोरा चाकू लागतो, म्हणजे ज्यानं अजून लिंबूसुद्धा चिरलेलं नाही असा. माझे वडील शाळामास्तर. त्यांना हे सगळं खुळचट वाटतं. पहिल्या खेपेला त्यांच्या म्हणण्यावरून लोखंड न घेता निघाले होते, आणि माझी पहिली लेक ह्याच रस्त्यावर, अहमदपूरच्या अलीकडे, माझ्या मांडीवर गेली. वडील म्हणतात, ताप होता. ताप होता हे मला सांगायला नको, तिच्या कपाळावर हात माझाच होता. पण ह्या खेपेला लोखंडाशिवाय उंबरा ओलांडायचा नाही हे मी पक्कं केलं होतं, मग निजामाचा हुकूम असो की आणखी कुणाचा.

आणि हुकूम निघालाय, म्हणे. 'म्हणे' अशासाठी की तो स्वतः वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. कुणी म्हणतं हत्यार बाळगायला मनाई आहे, कुणी म्हणतं परवाना काढा, कुणी नुसतंच इकडेतिकडे बघून विषय बदलतं. सध्या दिवसच असे आहेत. रस्तोरस्ती नाके बसलेत, गाठोडी सोडून बघतात, आणि शेजारी बसलेला कुणाचा माणूस आहे हे कळायला मार्ग नाही. हे लिहितानासुद्धा मी नावं गाळून राहिले. वाचणारे तुम्ही तरी कोण, मला काय ठाऊक!

तर न्यायला आले होते माझे धाकटे दीर. माणूस गरीब, पण भित्रा. त्यांना घेऊन मी बाजारात गेले. नांदेडला चाकू घ्यायचा तर गुरुद्वाऱ्याच्या बाजूच्या गल्लीत घ्यावा. तिथं यात्रेकरूंसाठी कृपाणांची दुकानं आहेत, आणि त्याच दुकानांत घरगुती पाती, अडकित्ते, कात्र्या सगळं मिळतं. मला मिटायचा चाकू हवा होता. शिंगाच्या मुठीचा एक छान मिळाला, मिटला की माझ्या मुठीत मावणारा. दुकानदारानं धार दाखवायला सुतळी पुढं केली तशी मी ओरडलेच, "अहो, कापू नका! कोराच हवाय मला."

त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला तेव्हाच शंका आली.

"हे घ्यायला मनाई तर नाही ना?" मी विचारलं.

"घ्यायला कसली मनाई, बाई? मांडलाय म्हणजे विकायलाच ना?"

"आणि बाळगायला?"

"ते माझ्या ओट्याच्या खाली उतरल्यावरचं झालं," तो म्हणाला आणि पैसे गल्ल्यात टाकले.

"म्हणजे विकत घ्यायचा आणि इथंच ठेवून जायचा का?"

"वहिनी, हळू बोला ना," भाऊजी कानाशी येऊन म्हणाले. "कामून गाव गोळा करून राहिल्या?"

घरी आल्यावर आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांना गाठलं. हैदराबादेत शिकलेला माणूस, त्यांना तरी माहीत असेल. ते झोपाळ्यावर बसून पान लावत होते. म्हणाले, "हे बघ कुसुम, एक फुकटचा सल्ला देतो. हे कुणाला विचारूच नकोस. ज्याला विचारशील तो नाहीच म्हणणार. हो म्हणून जबाबदारी कोण घेतो? गुपचूप ने."

सल्ला फुकट मिळाला की मला त्याचाही संशय येतो. वकील असून सरळ उत्तर देईना, म्हणजे नक्कीच काहीतरी भानगड असणार. म्हणून मी जाताजाता आणखी चारचौघांना विचारून घेतलं. मोटारीच्या चिठ्ठ्या फाडणारा म्हणाला, बोटाएवढं पातं चालतं. कुणाचं बोट, ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

निघालो सकाळी. ज्यांना हा प्रवास करायचाय त्यांनी लक्षात ठेवा, मोटार कोळशाच्या गॅसवर चालते आणि ती टाकी मागं असते, तेव्हा तान्हं असेल तर मागच्या बाकावर मुळीच बसू नका. भाडं हाली, म्हणजे निजामाच्या रुपयात द्या. इंग्रजी कलदार दिला की क्लीनर मोड देताना घोळ घालतो आणि वर आपल्यालाच हिशेब शिकवतो. पाणी घरून घ्या, बाळंतिणीनं तर उकळलेलंच.

चाकू मी दुपट्याच्या घडीत, बाळाच्या मानेखाली ठेवला होता. गोदावरी मागं पडली तशी मी तीनदा चाचपून बघितला. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आलेली, मध्येच करडईचे पट्टे, आणि थंडी अशी गोड की एरवी मी खिडकीतून तोंड आत घेतलं नसतं. पण माझं ध्यान समोरच्या बाकावरच्या काळ्या टोपीवाल्याकडे. बसल्यापासून तो अडकित्त्यानं सुपारी कातरत होता आणि दर दोन खांडांनंतर माझ्या दुपट्याकडे बघत होता.

लोह्याला मोटार थांबली. इथली भजी खावीत, मिरची तेवढी बाजूला काढावी. चहावाल्या बाईशी जरा बोलणं जमलं, म्हणून तिलाही हळूच विचारलं, "मावशी, पुढं नाक्यावर चाकू-बिकू धरतात का हो?"

"लई धरतात," ती म्हणाली. "परवा एकाचा विळा ठेवून घेतला. तुमच्यापाशी हाय का?"

"छे छे! आपलं सहज विचारलं."

मागं वळले तर काळी टोपी तिथंच उभी. हातात बशी, चहा संपलेला, तरी बशी हातात!

मोटारीत बसल्यावर मी भाऊजींना म्हटलं, "तो माणूस त्यांचाच आहे, बघा तुम्ही."

"कुणाचा?"

"ते मला काय ठाऊक? पण आहे."

भाऊजींनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "वहिनी, मी पाया पडतो, तो चाकू खिडकीतून टाकून द्या. पोलिसात गेलो तर दादाला काय तोंड दाखवू?" मग मला त्यांचाही संशय यायला लागला. दुपटं उचलून मी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, भाऊजींच्या हाताला लागणार नाही असं.

पुढं बालाघाटाचे चढ लागतात. कोळशाच्या मोटारीला ते झेपत नाहीत. क्लीनर "उतरा, उतरा" करतो आणि बापे मंडळी मागून चालत येतात. मला बाळामुळे बसू दिलं. रिकाम्या मोटारीत मी एकटीच बसले, आणि ती जागा आली. बाभळीच्या झाडाखाली एक दगडी पार आहे, तिथं मागच्या खेपेला गाडी थांबवली होती. मी बाळाच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता, ऊनऊन. तरी पार नजरेआड होईपर्यंत बोट काढलं नाही.

अहमदपूरला जेवणं झाली. खानावळीतली भाकरी चांगली, आमटीत तिखटाचा मारा. त्यापुढं कुठंतरी तो नाका लागला. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच कशाला. रस्त्यात आडवा बांबू, कडेला पत्र्याची खोली, दोन जवान आणि एक पिकल्या मिशांचा जमादार. मोटार थांबली न थांबली तोच जमादारानं दारातून आत डोकं घातलं.

"वो चाकूवाली बाई कौन है?"

अख्खी मोटार माझ्याकडे बघायला लागली. भाऊजी बाकावर इतके खाली सरकले की नुसती टोपी दिसत होती.

म्हटलं आता लपवून उपयोग नाही. "मी आहे," मी म्हणाले. "पण आधी ह्यांचा अडकित्ता बघा! माझ्या चाकूच्या दुप्पट आहे."

काळ्या टोपीनं दचकून अडकित्ता मांडीखाली घातला. जमादार मिशीत हसला. "तुमची बातमी कुणी द्यायला पाहिजे का, बाई? नांदेडपासनं तुम्हीच सगळ्यांना विचारत आलात. तुमच्या आधीची मोटार येऊन गेली, तिचा क्लीनरच बोलला." असं तो म्हणाला खरा, पण मला ते आजही पटलेलं नाही. टोपीवाल्यानं काहीतरी खूण केली असणार.

आम्हाला खाली उतरवून पत्र्याच्या खोलीत नेलं. कोपऱ्यात जप्त केलेल्या वस्तूंचा ढीग होता, विळे, कोयते, मुठी झिजलेले सुरे. जमादारानं विचारलं चाकू कुठंय. मी बाळाच्या मानेकडे बोट दाखवलं.

"निकाल रे," तो जवानाला म्हणाला.

जवान पुढं आला. हात पुढं केला आणि थबकला. मी म्हटलं, "काढ की. पण बाळाच्या उशाचं लोखंड काढायचं पाप तुझ्या माथी. काही वाकडं झालं तर तुझ्या दारात येऊन बसेन." त्यानं हात असा मागं घेतला जणू विंचू दिसला. दुसऱ्याकडे बघितलं, तर तो बाहेर बांबू नीट करायला निघून गेला.

"कायदा आहे, बाई," जमादार म्हणाला. "छोड नहीं सकता. मोटारीतल्या सगळ्यांनी बघितलंय."

"कायदा काय म्हणतो ते तरी सांगा. घ्यायला चालतो, मग न्यायला का नाही?"

तो बाळाकडे बघत राहिला. मग विचारलं, "पहिलं?"

"दुसरं."

"मोठं कुठंय?"

"मोठी ह्याच रस्त्यावर गेली," मी म्हणाले, आणि इतका वेळ चढवलेला माझा आवाज तिथं फुटला. आता मला रडू येत होतं आणि रागही येत होता, ह्या मिशाळासमोर रडावं लागतंय म्हणून. "तेव्हा लोखंड नव्हतं जवळ. घ्या, न्या चाकू. न्या आणि मला लिहून द्या की लातूरपर्यंत हा जगेल."

भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले, "जमादारसाहेब, मला ठेवून घ्या, पण वहिनींना जाऊ द्या."

जमादार उठला. दाराच्या कडीला एक जुनं कुलूप लटकत होतं, मुठीएवढं, काळं ठिक्कर. ते काढून घेऊन तो आला. खाली बसला, आणि बाळाची मान एका हातावर अलगद तोलून आधी कुलूप दुपट्यात सरकवलं, मगच चाकू बाहेर काढला. बाळ मध्ये क्षणभरही लोखंडाशिवाय राहिलं नाही. "लोहा है," तो म्हणाला. "कुलूप बाळगायला मनाई नाही."

मी दुपटं नीट केलं. पण लगेच मनात आलं, ह्याला बरं हे सगळं ठाऊक!

चाकू उघडून त्यानं पात्यावर नजर फिरवली. "कोरा है?"

"कोराच आहे. कशाला?"

"कुछ नहीं. परत येताना कुलूप आणून द्या, चाकू घेऊन जा."

"मग पावती द्या."

"पावती दिली तर गुन्हा लिहावा लागेल, बाई. लिहू?"

मी बाळाला घेऊन निघाले. पण दारातून वळून बघितलं, तर त्यानं माझा चाकू त्या ढिगात टाकला नाही. रुमालात गुंडाळला आणि स्वतःच्या खिशात घातला. मोटारीत चढताचढता मी भाऊजींना म्हटलं, "बघितलंत? चोर आहे मेला. चांगला चाकू दिसला, ठेवून घेतला." टोपीवालासुद्धा "हाव, हाव" करून मान डोलवत होता. मी त्याच्याकडे बघितलंही नाही.

चाकूरला दिवस कलायला लागला होता. लातूरच्या बाजारपेठेतली गोलाई दिसली तेव्हा बाळ गाढ झोपलं होतं, आणि कुलपाचा गोल छाप त्याच्या मानेवर उमटला होता. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाळाला घेतलं, दुपट्यातून कुलूप निघालं तसं विचारलं, "हे गं काय?" मी सगळं सांगितलं. त्यांनी कुलूप पदरानं पुसून पाळण्यात ठेवलं.

काही दिवस उलटले, बाळ बाळसं धरू लागलं. भाऊजी कापड आणायला नांदेडला निघाले तेव्हा मी कुलूप त्यांच्या पिशवीत घातलं आणि बजावलं, "चाकू घेतल्याशिवाय यायचं नाही. नाही म्हणाला तर म्हणावं, खिशात घालताना बघितलंय आम्ही."

भाऊजी परत आले ते कुलूप घेऊनच.

"म्हटलं नव्हतं मी? खाल्ला ना चाकू त्यानं?"

"खिशातच घातला होता वहिनी, कबूल केलं त्यानं," भाऊजी म्हणाले. "उदगीरला त्याच्या लेकीला मुलगी झालीय. ही तिसरी, आधीच्या दोन्ही राहिल्या नाहीत. कोरा चाकू हवा होता त्याला. वर्दीतल्या माणसाला दुकानदार सरळ विकून नाही राहिले, आणि नाक्यावरचे सगळे वापरलेले. म्हणाला, तुमचा चाकू तिच्या उशाखाली आहे. बाई म्हणतील तर लगेच जाऊन काढून आणतो."

मी कुलूप हातात घेऊन बसले. पाळण्यात बाळ पाय झाडत होतं.

"मग? काय निरोप देऊ?" भाऊजींनी विचारलं. "पुढच्या खेपेला आणू का?"

"नका आणू," मी म्हटलं. "त्याला म्हणावं, मुलगी चालायला लागेपर्यंत हात लावायचा नाही."

ह्या प्रवासाला जाणाऱ्यांनी मला चाकूचा कायदा विचारू नये, मला तो अजूनही कळलेला नाही. एवढंच ठाऊक आहे की सरकारी कुलूप माझ्या घरात आहे आणि माझा चाकू जमादाराच्या, म्हणजे गुन्हेगार असलो तर दोघंही आहोत. एरवी मी कुणावर विश्वास टाकत नाही. पण रोज दिवा लावताना त्या उदगीरच्या पोरीसाठीही हात जोडते, आणि तिचं नावसुद्धा मला माहीत नाही.